मांजराला फॅटी लिव्हर झालं होतं, नळीसकट घरी आणलंय, आता पुढे काय?

तुमचा मेसेज दोनदा वाचला. म्हणजे तुमचा बोक्या ६ वर्षांचा, नसबंदी झालेला, वजन साडेपाच किलो, गणपतीत तुम्ही सगळे आठ दिवस गावाला गेलात, शेजारच्या काकू रोज येऊन वाटीत ड्राय फूड टाकून जायच्या, परत आलात तर वाटी शिगोशीग भरलेली आणि हा पलंगाखाली, कान आणि हिरड्या पिवळ्या. मग आठ दिवस अ‍ॅडमिट, अन्न भरवायला मानेतून नळी घातली, आणि आता ४.२ किलोचा बोक्या, औषधांची पिशवी आणि एक कागद घेऊन तुम्ही घरी आलात. आई म्हणतात ती नळी काढा, किती हाल करताय मुक्या जिवाचे, मी मांडीवर घेऊन दूधभात भरवते. आणि तुम्ही विचारलंय की नळी किती दिवस ठेवायची, घरी नेमकं काय काय करायचं, आणि तो खरंच पूर्ण बरा होणार का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण तुमची झोप त्यानेच उडालेली दिसतेय. हो, होऊ शकतो, आणि अर्धवट नाही, पूर्ण. या आजारातून जे मांजर बाहेर पडतं त्याचं लिव्हर परत नीट काम करायला लागतं, आयुष्यभर गोळ्या लागत नाहीत, आणि हा आजार त्याच मांजराला परत होणं तसं क्वचित. पण तिथपर्यंत पोचायला पुढचे ४ ते ६ आठवडे, कधी त्याहून जास्त, त्याच्या पोटात रोज ठरलेलं अन्न गेलं पाहिजे, आणि हे काम आता हॉस्पिटलचं राहिलेलं नाही, तुमचं आहे. मी एकोणीस वर्षं मांजरं बघतेय आणि ठाम सांगते, या आजारात अन्न हेच मुख्य औषध आहे, बाकी सगळ्या गोळ्या त्याच्या मदतीला.

आता हे झालं कसं ते समजून घ्या म्हणजे घरच्यांनाही सांगता येईल. माणसाला फॅटी लिव्हर निघालं की डॉक्टर सांगतात कमी खा, तेल-तूप बंद, वजन उतरवा. मांजराचं बरोब्बर उलटं आहे. जाड मांजर तीन-चार दिवस उपाशी राहिलं की शरीर अंगातली चरबी काढून लिव्हरकडे पाठवायला लागतं, लिव्हरने ती वापरावी किंवा प्रोटीनमध्ये गुंडाळून परत रक्तात सोडावी अशी व्यवस्था असते, पण मांजर पक्कं मांसाहारी, त्याची प्रोटीनची गरज मोठी आणि ती रोजची रोज भागावी लागते, उपासात प्रोटीनच आलेलं नसतं त्यामुळे गुंडाळायला काही नाही आणि चरबी लिव्हरमध्येच साठत जाते. पेशी फुगतात, पित्ताच्या बारीक वाटा दाबल्या जातात, पित्त रक्तात उतरतं, म्हणून पिवळेपणा. आणि लिव्हर असं झालं की मळमळतं, मळमळलं की तो खात नाही, खाल्लं नाही की अजून चरबी लिव्हरकडे. हे चक्र मांजर स्वतःच्या इच्छेने तोडू शकत नाही हो, म्हणून नळी. तो हट्टीपणा करत नाहीये, रुसलेला नाहीये, त्याला अन्नाच्या वासानेच ओकारी येतेय.

म्हणूनच आईंना माझ्यातर्फे सांगा की दूधभात नको. त्यांची माया मला कळते, आजारी जिवाला मऊ भात ही आपल्या सगळ्यांच्या हाडात मुरलेली गोष्ट आहे. पण भाताने पोट भरेल आणि लिव्हरला जे हवंय ते प्रोटीन मिळणार नाही, आणि बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतील, त्यात आहे ती ताकद जाईल. दुसरं म्हणजे मळमळ चालू असताना बळजबरीने तोंडात भरवलं की मांजर ते अन्न आणि ती मळमळ यांची मनात जोडी लावतं आणि मग बरं झाल्यावरसुद्धा त्या अन्नाकडे बघत नाही. शिवाय तोंडातून सिरिंजने भरवताना थोडं जरी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया. मानेतली नळी थेट अन्ननलिकेत उघडते, त्याला चव नाही, वास नाही, झटापट नाही. आई ज्याला हाल म्हणतायत त्यात खरं तर सगळ्यात कमी हाल आहेत. दोन-तीन दिवसांत बघा, तुम्ही सिरिंज घेऊन बसलात की तो शेजारी येऊन डोळे मिटून पडेल.

कावीळ म्हटल्यावर अजून एक गोष्ट हमखास होते, कोणीतरी झाडपाल्याचं औषध आणून देतं, कोणी उसाचा रस सांगतं. प्लीज यातलं काहीही नळीत घालू नका. मांजराचं लिव्हर ठणठणीत असतानाही बऱ्याच गोष्टी माणसासारख्या मोडून बाहेर टाकू शकत नाही, आत्ता तर ते आधीच थकलंय. आणि घरात लहान मुलं आहेत असं तुम्ही लिहिलंय म्हणून सांगते, ही कावीळ लागत नाही, कोणालाच नाही, ना मुलांना ना दुसऱ्या मांजराला. मुलांना जवळ बसू द्या, त्यालाही बरं वाटेल.

आता हिशेब. ४.२ किलोच्या मांजराला पडून राहून लागणारी एनर्जी साधारण २०० कॅलरी धरायची, म्हणजे वजनाला ३० ने गुणा आणि त्यात ७० मिळवा, दोन किलोच्या वरच्या मांजरांना हे गणित घरगुती वापरासाठी पुरेसं आहे. तुमच्या कागदावर रिकव्हरीचं डबाबंद अन्न लिहिलंय, ते बरोबर आहे, त्यात प्रोटीन भरपूर असतं आणि ते पातळ करता येतं. डब्यावर कॅलरी लिहिलेली असते ती बघा, मिक्सरमध्ये कोमट पाणी घालून एकदम गुळगुळीत करा, आणि चहाच्या गाळणीतून गाळा, हे गाळणं कंटाळा आला तरी सोडू नका, एक कण अडकला तर पुढची अर्धी संध्याकाळ नळी मोकळी करण्यात जाते. समजा मिश्रण असं झालं की १ एमएलमध्ये साधारण १ कॅलरी, तर दिवसाला २०० एमएल, पाच वेळात वाटलं तर एका वेळी ४० एमएल. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १० असं बसवा. ऑफिसमुळे पाच वेळा जमत नसेल तर दहा-बारा दिवसांनी तो नीट पचवतोय असं दिसल्यावर चार वेळा ५० एमएल करता येईल, पण लगेच नको, उपाशी राहून जठर आकसलेलं असतं.

हॉस्पिटलमध्ये त्याला पहिल्या दिवशी पूर्ण २०० कॅलरी दिल्या नसणार, पाव किंवा एक तृतीयांशपासून सुरू करून तीन-चार दिवसांत वाढवत नेलं असेल. त्याला कारण आहे. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींमध्ये ओढलं जातं आणि रक्तातली पातळी धोकादायक खाली येते, फॉस्फरस फार उतरलं तर लाल पेशी फुटायला लागतात. म्हणून घरी आल्यावर प्रेमापोटी मात्रा वाढवू नका. बारीक झालाय, जरा जास्त देऊ, असं नको. डिस्चार्जच्या कागदावर जो आकडा आहे तोच, आणि वाढवायचा तर तुमच्या डॉक्टरांना विचारून.

भरवायची पद्धत सांगते कारण कागदावर एका ओळीत लिहिलेलं असतं आणि घरी गेल्यावर हात थरथरतात. आधी मिश्रण कोमट करा, गरम पाण्याच्या भांड्यात सिरिंज उभी ठेवून, मायक्रोवेव्हमध्ये नको कारण वरून कोमट आणि मध्ये चटका असं होतं. बाळाचं दूध मनगटावर टाकून बघतो तसं बघा. बोक्याला पोटावर बसलेला ठेवा, मान वर, एका कुशीवर झोपवून कधीच नाही. नळी गळ्यापाशी जिथे बाहेर येते तिथे मार्करने खूण केलेली असेल ती जागेवर आहे का ते दर वेळी बघा, खूण बाहेर सरकली असेल तर थांबा आणि फोन करा. मग ५ एमएल साधं कोमट पाणी हळूच सोडा. तो खोकला तर थांबा, अन्न घालायचं नाही, नळी योग्य जागी आहे का ते आधी बघून घ्यावं लागेल. तो शांत असेल तर अन्न सुरू, ४० एमएल द्यायला १० ते १५ मिनिटं, घड्याळ समोर ठेवा, कारण सगळ्यांनाच वाटतं आपण हळू देतोय आणि सगळेच चार मिनिटांत संपवतात. मध्ये तो ओठ चाटायला लागला, सारखं गिळायला लागला, लाळ गळली, तर ही मळमळ आहे, दोन-तीन मिनिटं थांबा, नाही थांबलं तर त्या वेळचं उरलेलं सोडून द्या आणि पुढच्या वेळी अजून हळू. शेवटी ५ ते १० एमएल पाणी सोडून नळी धुवा, टोपण लावा. टोपण विसरलात तर पोटात हवा जाते आणि खाल्लेलं बाहेर गळतं.

हे पाणी आणि अन्नातलं पाणी मिळून दिवसाची पाण्याची गरज साधारण भागते, किलोला ५० एमएल धरा, म्हणजे त्याला २०० च्या आसपास. तो वाटीतलं पाणी पीत नाही म्हणून घाबरू नका.

नळी अडकलीच तर जोर लावू नका, फुटते किंवा सिरिंज सुटून सगळं अंगावर उडतं. कोमट पाणी भरून हलकेच आत-बाहेर, आत-बाहेर, दहा मिनिटं थांबून परत. नाहीच झालं तर थोडं सोडावॉटर किंवा कोला नळीत भरून पंधरा-वीस मिनिटं ठेवलं की बऱ्याचदा सुटतं. अडकण्याचं सगळ्यात मोठं कारण औषधं. गोळ्या अन्नात मिसळायच्या नाहीत, प्रत्येक गोळी वेगळी, बारीक पूड करून पाण्यात पूर्ण विरघळवून, आधी पाणी नंतर पाणी. आणि सगळ्या गोळ्या कुटता येत नाहीत हे लक्षात ठेवा. तुमच्या यादीत एस-अ‍ॅडेनोसिल मेथिओनिन, म्हणजे लिव्हरला मदत करणारी गोळी, आहे, त्याच्या गोळीवर जे आवरण असतं ते मुद्दाम असतं, कुटली की तिचा उपयोग जातो, ती अख्खी आणि रिकाम्या पोटी द्यायची असते, तर आत्ता ती द्यायची की तो तोंडाने खायला लागल्यावर, हे डॉक्टरांना उद्याच विचारा. माझं मत विचाराल तर आत्ता एका गोळीसाठी तोंडाशी झटापट करण्यापेक्षा ती थोडी मागे ढकललेली बरी.

बाकी औषधांपैकी मळमळीचं औषध, म्हणजे तुमच्याकडचं मॅरोपिटंट, ते मात्र वेळेवर आणि न चुकता. लोक उलटी थांबली की बंद करतात. उलटी दिसत नसली तरी मळमळ असते, ते मांजर बोलून दाखवत नाही. बी१२ चं इंजेक्शन आठवड्याला एक असं सहा आठवडे लिहिलंय ते पूर्ण करा. भूक वाढवायची गोळी, मिर्टाझापिन, ती लिव्हर आजारी असताना शरीरात जास्त वेळ रेंगाळते म्हणून डोस कमी आणि अंतर जास्त ठेवावं लागतं, तुम्हाला कोणी ग्रुपवर सांगितलं की आमच्या मनीला रोज देतो तर ऐकू नका. ती देऊन मांजर रात्रभर ओरडत फेऱ्या मारायला लागलं तर डोस जास्त होतोय. आणि भुकेच्या गोळीवर भरवसा ठेवून नळीचं अन्न कमी करणं ही चूक मी फार पाहिलीय. लिव्हर टॉनिकचंही तसंच, दिलं न दिलं, त्या सिरपने चरबी हलत नाही, अन्नाने हलते.

घरातल्या काही गोष्टी आजपासून बंद. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, ताप वाटला म्हणून कोणी देईल तर घरात सगळ्यांना सांगून ठेवा. माणसांची झोपेची किंवा शांत करायची गोळी नाही, डायझेपाम तोंडावाटे दिल्याने मांजरांचं लिव्हर अचानक बंद पडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. फरशी फिनाईलने पुसत असाल तर आत्ता नुसत्या पाण्याने पुसा, मांजर फरशीवरून चालतं, पंजे चाटतं, आणि फिनॉल बाहेर टाकायची यंत्रणा त्याच्याकडे मुळात कमजोर असते. डिफ्युझरमधली सुगंधी तेलं पण नको. आणि चिकनचं पाणी कोणी प्रेमाने करून दिलं तर त्यात कांदा-लसूण घातलाय का ते विचारा, त्याने मांजराच्या लाल पेशी फुटतात आणि लिव्हरच्या आजारात त्या पेशी आधीच नाजूक असतात.

प्रोटीन कमी करा असा सल्लाही तुम्हाला मिळेल, नेटवर लिव्हर डाएट शोधलं की तेच दिसतं. ते लिव्हरच्या वेगळ्या परिस्थितीसाठी आहे. प्रोटीन पचताना तयार होणारा अमोनिया लिव्हर साफ करू शकत नसेल आणि तो मेंदूपर्यंत पोचत असेल तर थोडे दिवस प्रोटीनवर लक्ष ठेवावं लागतं, लॅक्टुलोज, म्हणजे अमोनिया शीवाटे बाहेर काढणारं सिरप, द्यावं लागतं. मांजरात याची खूण म्हणजे अचानक खूप लाळ गळणं, शून्यात बघत बसणं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहणं, झटके. बोक्याला असं काही झालेलं नाही असं तुम्ही लिहिलंय, मग त्याचं प्रोटीन कमी करायचं काहीच कारण नाही, उलट ते कमी केलं तर लिव्हर मोकळं व्हायला उशीर होईल.

नळीच्या तोंडाशी जखम असते ती एक दिवसाआड उघडून बघा, सुरुवातीला रोज. सलाईनमध्ये भिजवलेल्या कापसाने खपली मऊ करून पुसा, कोरडं करा, नवी पट्टी. थोडा ओलसरपणा, थोडी खपली चालते. लाली पसरत चालली, पू, घाण वास, सूज असेल तर दाखवा. पट्टी बांधताना मानेखालून तुमची दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पावसाळी दमट हवेत पट्टी ओली राहिली की दोन दिवसांत त्वचा खराब होते, म्हणून भिजली की लगेच बदला, रात्र असली तरी. उघडलेला डबा झाकून फ्रीजमध्ये, दोन दिवसांच्या वर नाही, आणि मिक्सरमधून काढलेलं मिश्रण एका दिवसाचंच करा. लाईट जास्त वेळ गेली असेल तर टाकून द्या, पैसे जातात हे मला कळतं, हे डबे स्वस्त नसतात, पण खराब अन्नाने पोट बिघडलं तर आठवडाभराची मेहनत जाते.

एक वही करा. किंवा दुधाचा हिशेब लिहितो तसं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, माझ्याकडच्या एका आजींनी तसंच केलं होतं, प्रत्येक चौकोनात वेळ, किती एमएल, उलटी झाली का, शी-शू झाली का. त्या आजी एकट्या राहायच्या, हात थोडे कापायचे, आणि त्यांची भाटी माझ्या सगळ्या पेशंटमध्ये सगळ्यात सुरळीत बरी झाली, कारण त्यांनी बेचाळीस दिवसांत एकही वेळ चुकवली नव्हती. त्यांना बघितल्यापासून मी नोकरीवाल्या तरुण लोकांनाही सांगते, जमतं, नक्की जमतं.

वजन आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, एकाच वेळी. लहान बाळाचा काटा असेल तर उत्तम. पहिल्या आठवड्यात वजन वाढणार नाही, घसरण थांबली तरी खूप झालं. रक्ताच्या तपासणीत बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं पिवळेपणा आणणारं द्रव्य, खाली येतंय का हे बघायचं, ८-१० दिवसांत ते निम्म्यावर आलं तर मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडते. लिव्हरचे एन्झाइम मात्र सावकाश उतरतात, त्यांचा आकडा बघून रडत बसू नका. आणि कान पिवळे दिसतायत म्हणूनही नाही, रंग रक्तापेक्षा मागाहून जातो, काही बिलिरुबिन प्रोटीनला घट्ट चिकटून राहतं आणि ते प्रोटीन बदलेपर्यंत पिवळी झाक राहते. त्याआधी तुम्हाला दुसऱ्या खुणा दिसतील. तो अंग चाटायला लागेल. खिडकीत जाऊन बसेल. दार वाजलं की कान फिरवेल. मला त्या खुणा रिपोर्टइतक्याच महत्त्वाच्या वाटतात.

रात्री-अपरात्री डॉक्टर गाठायचे ते कधी, तर दिवसातून दोनपेक्षा जास्त उलट्या, उलटीत नळीचं टोक तोंडातून बाहेर आलं (असं होतं, नळी ओढू नका, टोक चावू देऊ नका, आहे तशी घेऊन जा), भरवताना किंवा नंतर खोकला आणि श्वास जलद, हिरड्या पांढुरक्या, लघवी लालसर किंवा तपकिरी, अंगावर विनाकारण काळे-निळे डाग, आणि मान वर उचलता न येणं, हनुवटी छातीला टेकलेली. हे शेवटचं पोटॅशियम फार कमी झाल्यावर होतं, लोक समजतात झोप आलीय.

एक अजून. हा आजार बहुतेक वेळा दुसऱ्या कशाच्या तरी मागून येतो. बोक्याच्या बाबतीत तुम्ही नव्हता हा ताण दिसतोय, आणि मांजराला तेवढं पुरतं, घर सोडून गेलेली माणसं, बोर्डिंग, नवीन कुत्रा, दिवाळीचे फटाके, काहीही. पण स्वादुपिंडाची सूज, पित्तनलिकेची सूज, आतड्याचा जुना त्रास, दातांचं दुखणं हेही पाठीमागे असू शकतं, आणि ते राहिलं तर लिव्हर सुधारूनही तो खाणार नाही. सोनोग्राफी झाली आहे असं लिहिलंय, तिच्यात स्वादुपिंडाबद्दल काय म्हटलंय ते डॉक्टरांना विचारा, आणि तोंड उघडून दात कोणी बघितलेत का तेही विचारा, साधी गोष्ट आहे पण राहून जाते. काकूंना मात्र काही बोलू नका. मांजर रागावून एक-दोन दिवस जेवत नाही असं सगळ्यांनाच वाटतं, तुम्हालाही वाटलं असतं.

आता नळी किती दिवस. इथे माझी स्वतःची एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एक पांढरी भाटी होती, तीन आठवडे नळीवर छान चाललेलं, एका रविवारी तिने चिकनचे दोन तुकडे खाल्ले आणि घरचे इतके आनंदले, म्हणाले डॉक्टर आता काढाच, तिला मोकळं करा. मलाही तो आनंद मोडवेना आणि मी काढली. पाचव्या दिवशी ती परत आली, खाणं बंद, डोळे परत पिवळसर. परत भूल, परत नळी, आणि सगळं मिळून तिला अजून सात आठवडे लागले. वाचली ती. पण ती दुसरी भूल तिला माझ्यामुळे द्यावी लागली हे मी विसरलेले नाही. तेव्हापासून माझा नियम असा की मांजराने दिवसाचं पूर्ण अन्न स्वतःच्या तोंडाने, नळीतून काहीही न घेता, सलग किमान एक आठवडा, शक्य तर दोन, खाल्लं पाहिजे आणि वजन टिकलं पाहिजे, मगच नळी काढायची. त्या दोन आठवड्यांत नळी नुसती पाण्याने धुवत ठेवायची. काढताना काही मोठं नसतं, टाका कापून ओढून घेतात, भूलही लागत नाही, भोक आपोआप भरतं.

तोंडाने खाणं सुरू करायची घाई नको. साधारण पहिले दहा दिवस त्याच्यासमोर वाटी आणूच नका. नंतर नळीच्या वेळेआधी दहा मिनिटं एखादा चमचा कोमट केलेलं काहीतरी वासाचं, उकडलेलं चिकन, वाफवलेला बांगडा काटे काढून, मीठ-मसाला काही नाही, असं ठेवा आणि तुम्ही तिथून बाजूला व्हा. टक लावून बघत बसू नका, आईंनाही सांगा. वास घेऊन तोंड फिरवलं, गिळायला लागला, तर उचला आणि परत तीन-चार दिवसांनी. सुकट-बोंबील वासाला भारी पण खारट, ते नको. ज्या दिवशी तो स्वतःहून चाटेल त्या दिवशी नळीतलं कमी करायचं नाही, तो जेवढं खातो ते मोजा आणि रोज चांगलं खायला लागला की तेवढ्या कॅलरी हळूहळू कमी करत चला. आईंची मांडी आणि चमचा तेव्हा कामाला येईल, बांगडा त्यांच्याच हातून जाऊ दे.

आणि मग बरा झाल्यावर वजन. साडेपाच किलो त्याच्या अंगकाठीला जास्तच होतं असं वाटतं, परत तिकडे जाऊ द्यायचं नाही, पण उपाशी ठेवूनही नाही, कधीच नाही. जे काही कमी करायचं ते आठवड्याला शरीराच्या वजनाच्या १ टक्क्याच्या आसपास, म्हणजे ४५-५० ग्रॅम. दिवसभर भरलेली ड्राय फूडची वाटी ठेवण्याची सवय मोडा, मोजून वेळेवर द्या, म्हणजे एक वेळ जरी खाल्लं नाही तरी त्याच दिवशी कळतं. पुढच्या वेळी गावाला जाताना जो कोणी येणार असेल त्याला सांगा की वाटी उचलून किचनच्या काट्यावर ठेवून फोटो पाठव, भरायच्या आधी आणि नंतर. २४ तास काहीच खाल्लं नसेल तर डॉक्टरांना फोन, ४८ तासांची वाट बघायची नाही.

सध्या तेवढं पुरे. आज रात्री १० चं फीड घड्याळ लावून द्या, रविवारी वजन करा, आणि पुढच्या आठवड्यात बिलिरुबिन आणि पोटॅशियम-फॉस्फरसचा रिपोर्ट आला की आकडे इथे टाका, मी बघते.